मनमाडच्या मैदानावर कुणीच नव्हतं

१

सोमवारी सकाळी वाल्मीक गांगुर्डे वालदेवी क्रीडा मंडळाच्या ऑफिसात शिरले, ते चपला न काढताच. मंडळाचे सचिव सहादूअण्णा बोराडे कॉम्प्युटरवरची धूळ पुसत होते. वाल्मीकरावांच्या मागे त्यांची मुलगी सायली दारातच थांबली होती.

"माझ्या पोरीचं वर्ष कुणी खाल्लं तेवढं सांगा," वाल्मीकराव म्हणाले. "मग बसतो मी."

वाल्मीकराव चांदवडकडच्या एका शाळेत शिक्षक. सायली कॉलेजसाठी आणि खो-खोसाठी नाशिक रोडला मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहायची. मंडळाची ती सगळ्यात चपळ खेळाडू. रविवारी जिल्हा संघाची निवड चाचणी होती आणि ती निवडली जाणार यावर मंडळात कुणाचंच दुमत नव्हतं. चाचणीचं मैदान जिल्हा संघटनेनं अगदी ऐनवेळी, शुक्रवारी जाहीर केलं. तोवर सायली मामेबहिणीच्या साखरपुड्याला चांदवडला गेली होती. बाकीच्या मुलींना प्रशिक्षक नवनाथ सरांनी सरावाच्या वेळी तोंडी सांगितलं. सायलीला जाताना सांगितलं होतं, "जागा वेबसाइटवर येईल, बघून घे." मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्याआधीच बंद झालेला, पालकांच्या भांडणांमुळे.

"रविवारी पहाटे गाडी काढली, मनमाड गाठलं," वाल्मीकराव म्हणाले. "मैदानावर कुणीच नव्हतं. चार पोरं क्रिकेट खेळत होती. मग सरांचा फोन आला, कुठं आहात म्हणून. चाचणी इथं, नाशिक रोडला! तिथून निघून इथं पोहोचणार कधी?"

"अहो, पण सूचनेत नाशिक रोडच लिहिलंय." अण्णांनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. ठळक अक्षरात तारीख, वेळ, आणि खाली: कॉलेजचं मैदान, नाशिक रोड.

वाल्मीकरावांनी आपला मोबाइल टेबलावर ठेवला. "शनिवारी रात्री जेवताना हिनं मला हिच्या मोबाइलवर सूचना दाखवली. मी शिक्षक माणूस, खात्री केल्याशिवाय हलत नाय. तिथल्या तिथं तिच्या मोबाइलच्या पडद्याचा फोटो माझ्याकडे पाठवून घेतला. बघा."

अण्णांनी चष्मा लावला. वर बारीक काळी पट्टी, खाली मंडळाचं चिन्ह, तीच तारीख, तीच वेळ. आणि जागा: मनमाड.

"एकाच वेबसाइटवर दोन गावं?" अण्णा पुटपुटले.

"मी संघटनेकडे हरकत घेतोय. चाचणी परत घ्यायला लावीन. नायतर माझ्या पोरीच्या जागी जी घुसली तिची निवड रद्द करायला लावीन."

जी घुसली ती चैताली साळवे. याच मंडळाची.

२

मंगलाबाई पगारे रेल्वे पोलिसातून निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. कार्यकारिणीत एक बाई हवी म्हणून त्यांना मंडळाचं उपाध्यक्ष केलं होतं. बैठकीला जाऊन चहा प्यायचा आणि सही करायची, एवढंच त्या मनापासून करत. गुडघे दुखायचे, साखर वाढलेली असायची, आणि माणसं खोटं बोलायला लागली की पूर्वीसारखा राग न येता फक्त झोप यायची.

"ताई, तुम्ही पोलिसात होता," अण्णा फोनवर म्हणाले.

"होते, अण्णा. होते."

"आम्ही दिलगिरीचं पत्रक काढतोय. वेबसाइट बनवणाऱ्या बाईच्या चुकीमुळे असं झालं म्हणून. तुमची सही लागेल."

"तिला विचारलंत का?"

अण्णा पत्रक वाचून दाखवायला लागले. मंगलाबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं. "पाठवा तिला माझ्याकडे."

वेदिका गायधनी दुपारी आली. स्कूटरवरून आलेली, खांद्याला लॅपटॉप, डोळ्यांखाली काळं. घरूनच दुकानांच्या, क्लासच्या, दवाखान्यांच्या वेबसाइट बनवायची. पाणी पिऊन झाल्यावरही तिचा ग्लास हातातच राहिला.

"मावशी, एका क्रिकेट अकादमीचं काम मिळत होतं. आज सकाळी त्यांचा फोन आला, जरा थांबा म्हणून. नाशिक रोडला बातमी पोहोचायला वेळ लागत नाही."

"आधी मला हे सांग, एका सूचनेत दोन गावं कशी?"

वेदिकानं लॅपटॉप उघडला. "वेबसाइट मोठ्या पडद्यावर आणि मोबाइलवर सारखी दिसून चालत नाही. पान जागेप्रमाणे आपोआप जुळवून घेतं. इथे तीन रकाने शेजारीशेजारी दिसतात, मोबाइलवर तेच एकाखाली एक. पण अण्णांना सूचना म्हणजे रंगीत फलकच पाहिजे. ते चित्र असतं. आडवं चित्र मोबाइलवर एवढं लहान होतं की अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. म्हणून मी प्रत्येक सूचनेला दोन चित्रांची सोय केली. कॉम्प्युटरला आडवं, मोबाइलला उभं. शुक्रवारी दोन्ही मीच टाकली. दोन्हींत नाशिक रोड होतं."

"म्हणजे कुणीतरी फक्त उभं बदललं."

"हो. अवघड नाही. पासवर्ड टाकून आत गेलं की वर ही काळी पट्टी येते. तिच्यातल्या पेन्सिलच्या खुणेवर बोट ठेवायचं, नवीन चित्र टाकायचं. मोबाइलवरूनसुद्धा होतं. बाहेरच्या माणसाला पट्टी दिसत नाही."

"आणि अण्णांना कळलं नसतं. त्यांचा फोन बटणांचा."

"ते फक्त ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बघतात."

"हे सगळं कुणाकुणाला माहीत?"

"पासवर्ड तिघांचे. मी, अण्णा आणि नवनाथ सर. शिकवलं ऑफिसात बसून. मुली आत-बाहेर करत होत्या, कुणी ऐकलं असेल तर ठाऊक नाही." वेदिकानं दोन-तीन कळा दाबल्या आणि तिची बोटं थांबली. "चित्र शनिवारी संध्याकाळी बदललंय, मावशी. नवनाथ सरांच्या नावानं."

३

नवनाथ लभडे म्हणजे मंडळाचे प्रशिक्षक. सायलीला शाळेच्या मैदानावरून उचलून त्यांनीच इथे आणलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलाबाई गेल्या तेव्हा ते मैदानावर खांबाजवळ बसले होते. मुली आखलेल्या पाटीवर ओळीनं बसून खो देण्याचा सराव करत होत्या. सर एरवी ओरडत असायचे, आज शिट्टी गळ्यात नुसती लोंबत होती.

"सर, शनिवारी सूचना तुमच्या नावानं बदलली गेली."

त्यांचा चेहरा उतरला. "मी? ताई, त्या पोरीला जिल्ह्याच्या संघात बघायला मी किती वर्षं थांबलोय! माझ्याच हातानं तिचं नुकसान करीन?"

"वेबसाइटचं काम तुम्हीच करता ना?"

"मीच करतो."

"मग आत जाऊन दाखवा जरा."

सरांनी फोन काढला, हात लांब धरला, जवळ आणला, चष्मा शोधला. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. शेवटी त्यांनी फोन मांडीवर ठेवला.

"नाही जमत मला," ते हळू आवाजात म्हणाले. "कार्यकारिणीत सगळे हसतील म्हणून बोललो नाही. सामन्याचे निकाल, फोटो, पोरींकडूनच टाकून घेतो. पासवर्ड सोपा आहे. मंडळाचं नाव आणि पुढे स्थापनेचं वर्ष."

"कुठल्या पोरीकडून?"

"जी समोर असेल ती. मी कधी लक्ष दिलं नाही."

मंगलाबाईंना अशी उत्तरं माहीत होती. माणूस कुणालातरी वाचवत असतो तेव्हा असं बोलतो, आणि खरंच काही ठाऊक नसतं तेव्हाही असंच बोलतो.

"शनिवारी संध्याकाळी तुमचा फोन कुणाच्या हातात होता?"

 सरांची नजर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे एक उंच, सावळी मुलगी पायरीवर एकटीच बुटाची नाडी बांधत होती. बाकीच्या मुलींनी तिच्या शेजारची जागा रिकामी सोडली होती.

"चैतालीनं मागून घेतला होता," ते म्हणाले. "घरी बोलायचंय म्हणाली."

४

चैताली मंगलाबाईंना बघून उठली नाही. "तुम्हीपण विचारा, मावशी. कालपासून सगळे विचारतायत. खोलीच्या मालकिणीनंसुद्धा विचारलं."

मंगलाबाई कशाबशा तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. "फोन कशाला घेतलास?"

"माझा बंद पडला होता. दुसऱ्या दिवशी चाचणी, म्हणून आईला सांगत होते. सर तिथंच उभे होते. त्यांनी ऐकलंय सगळं." तिनं नाडी करकचून ओढली. "मी चांगली खेळले मावशी. खरंच चांगली खेळले. पण आता ते कुणाला आठवणार नाही. सायली नव्हती म्हणून घेतलं, एवढंच म्हणतील. आणि आता चोर पण म्हणतात."

"ती सूचना तू मोबाइलवर बघितलीस का?"

"कुठली?"

"वेबसाइटवरची."

चैतालीनं मंगलाबाईंकडे असं पाहिलं, जणू त्यांनी काहीतरी भलतंच विचारलं. "ती कोण उघडतं? सरांनी सांगितलं की झालं. विचारा कुणालाही."

मंगलाबाईंनी विचारलं. एकेका मुलीला बोलावून विचारलं. उद्घाटनाच्या दिवशी आपला फोटो बघायला सगळ्यांनी वेबसाइट उघडली होती, त्यानंतर एकीनंही नाही. वेदिकाला हे सांगायचं नाही असं त्यांनी तिथेच ठरवलं. बिचारीनं रात्री जागून केलेलं काम.

रिक्षात बसल्यावर मात्र तेच वाक्य डोक्यात फिरू लागलं. ती कोण उघडतं?

समजा, कुणाला सायलीला फसवायचं होतं. त्यानं शनिवारी संध्याकाळी चित्र बदललं. पण सायलीनं शुक्रवारीच सूचना बघितली असती तर? तेव्हा ती बरोबर होती. शनिवारी सकाळी बघितली असती तर? किंवा तिनं सरळ सरांना फोन लावला असता तर? सगळा डाव फुकट गेला असता. सायली शनिवारी संध्याकाळनंतरच बघणार, त्याआधी नाही, आणि बघितल्यावर कुणालाही विचारणार नाही, हे आधीपासून कुणाला माहीत असणार?

वाल्मीकरावांनी पुरावा म्हणून तो फोटो सगळ्या कार्यकारिणीला पाठवला होता. मंगलाबाईंनी तो उघडला. मग आपल्याच फोनवर मंडळाची वेबसाइट उघडली. चूक पुढे संघटनेला दाखवायची म्हणून चित्र अजून कुणी बदललेलं नव्हतं. मंडळाचं चिन्ह, तीच तारीख, तेच मनमाड.

दोन्ही चित्रं त्यांनी आळीपाळीनं बघितली. फरक एकच होता. वाल्मीकरावांच्या फोटोत चिन्हाच्या वर बारीक काळी पट्टी होती. त्यांच्या फोनवर ती नव्हती.

"दादा, रिक्षा वळवा," त्या म्हणाल्या. "चांदवडची एसटी कुठून मिळेल?"

५

सायलीला कालच घरी आणून वाल्मीकराव आज शाळेत गेले होते. सायलीची आई चहा ठेवायला आत गेली. सायली मागच्या अंगणात शेंगा निवडत होती. मंगलाबाईंना बघून तिचे हात थांबले नाहीत.

मंगलाबाईंनी फोन तिच्यासमोर धरला आणि काळ्या पट्टीवर बोट ठेवलं.  सायलीनं आणखी चार शेंगा निवडल्या.

"सरांचं वेबसाइटचं काम बहुतेक मीच करायचे," सायली शेवटी म्हणाली. "वेदिकाताई अण्णांना शिकवत होत्या तेव्हा मी तिथेच होते. शनिवारी संध्याकाळी माझ्या मोबाइलवरच फलकावर मनमाड लिहिलं आणि चित्र बदललं. सरांच्या नावातून बाहेर पडायचं राहिलं, आणि तसंच पप्पांना दाखवलं. पट्टीचं लक्षातच आलं नाही."

"का गं?"

"मला खेळायचं नाही, मावशी."

"मग सांगायचं."

सायली हसली. ते हसू एकोणीस वर्षांच्या मुलीचं नव्हतं. "कुणाला? पप्पांना? त्यांची निवड एकदा हुकली होती, ते अजून सगळ्यांना सांगतात. सरांना? ते लोकांना माझी ओळख करून देताना नाव नाही सांगत. 'ही आपली उद्याची भारताची' म्हणतात. मी थकलेय. सकाळी थकलेय, रात्री थकलेय. कॉलेजात बाकावर डोकं ठेवलं की झोप लागते. साखरपुड्यात सगळ्या बहिणी नाचत होत्या, आणि मी कोपऱ्यात बसून पायाला बर्फ लावत होते. त्या दिवशी वाटलं, बस."

"चाचणीला जाऊन वाईट खेळायचं. कुणाला कळलं असतं?"

"नाही जमत. समोर गडी पळायला लागला की पाय ऐकतच नाहीत माझे." तिनं शेंगांचं ताट बाजूला सारलं. "आजारी आहे म्हटलं असतं तर पप्पा डॉक्टरकडे घेऊन गेले असते. विसरले म्हटलं असतं तर मारलं नसतं, पण रडले असते. म्हटलं, मशीनची चूक झाली तर कुणाच्याच नावावर जाणार नाही."

"गेली ना पण. वेदिकाच्या हातातलं काम जायची वेळ आलीय. चैतालीच्या शेजारी कुणी बसत नाही."

सायलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "चैतालीचं मला माहीत नव्हतं," ती हातांआडूनच म्हणाली. "पप्पा हरकत घेतील असं नव्हतं वाटलं. मावशी, तुम्ही सांगून टाका सगळ्यांना. माझ्यानं नाही होणार."

मंगलाबाईंना वाटलं, सांगून टाकावं. एका फोनचं काम. मग घरी जाऊन पाय गरम पाण्यात सोडून बसावं. आत आई कपबशा मांडत होती.

"मी सांगितलं तर तू चोर ठरशील," त्या म्हणाल्या. "तू सांगितलंस तरी शिव्या खाशीलच. पण मी सांगितलं, तर पुढच्या चाचणीला तुला पुन्हा उभं करतील. खेळायचं नाही हे माझ्या तोंडून कुणाला पटायचं नाही."

बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. वाल्मीकराव लवकर परतले होते.

सायली उठली. आणि पुन्हा बसली.

"आज नको," ती कुजबुजली. "उद्या. नाशिकला. सगळ्यांसमोर एकदाच."

६

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणी जमली. हरकतीचा कागद वाल्मीकरावांच्या खिशात होता. दिलगिरीचं पत्रक अण्णांच्या हातात होतं. वेदिका दाराशी खुर्ची घेऊन बसली होती, बोलावलं म्हणून आलेली. चैताली भिंतीला टेकून उभी होती.

मंगलाबाई म्हणाल्या, "सायलीला बोलायचंय," आणि बसल्या.

सायली उभी राहिली. 

"चित्र मी बदललं," ती म्हणाली. "सरांच्या नावानं आत गेले होते. सरांना माहीत नव्हतं. वेदिकाताईंची चूक नाही. चैतालीनं काही केलेलं नाही, ती तिच्या खेळावर निवडली गेली. मला चाचणीला जायचं नव्हतं. मला आता खेळायचं नाही."

 अण्णांनी पत्रकाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग एकदम आवाज चढवला, "अगं, अख्ख्या मंडळाला वेठीला धरलंस! निलंबित करायला पाहिजे तुला!"

"करा," सायली म्हणाली.

नवनाथ सर मान खाली घालून विचारत होते, स्वतःलाच विचारल्यासारखे, "पण मागच्या सामन्यात ती खांबावरची झेप? ती मनाविरुद्ध कशी घेता येईल कुणाला?"

"ती पायांनी घेतली, सर."

वाल्मीकराव उठले आणि बाहेर गेले. कुणाकडे पाहिलंही नाही. थोड्या वेळानं मंगलाबाई त्यांच्या मागे गेल्या. ते मोटारसायकलला किक मारत होते, पण किल्ली लावायची राहून गेली होती. मंगलाबाईंनी ते सांगितलं नाही.

"मी हिच्याशी रोज बोलतो, ताई," वाल्मीकराव म्हणाले. "रोज फोन करतो. जेवलीस का, सराव झाला का, पाय कसा हाय. रोज." ते गाडीवर तसेच बसून राहिले. "आन् मला नाय म्हणायला पोरीला मैदानाचं गाव बदलावं लागलं."

 नोकरीत असताना मंगलाबाई अशा वेळी पुढचं कलम सांगायच्या. आता त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

वाल्मीकरावांनी खिशातून हरकतीचा कागद काढला, फाडला, आणि तुकडे कुठे टाकावेत ते न समजून परत खिशातच ठेवले.

आत सायली वेदिकापुढे उभी होती. माफी मागून झाली होती. वेदिकानं लॅपटॉप पिशवीत घालत "बरं," एवढंच म्हटलं. क्रिकेट अकादमीनं सकाळीच दुसऱ्या कुणाला तरी काम दिलं होतं, ते तिनं बोलून दाखवलं नाही. तिच्यात तेवढी ताकद उरली नव्हती. अण्णा मागून म्हणाले, "मॅडम, खुलासा टाकायला लागेल वेबसाइटवर. तुमचं नाव साफ करून."

"टाकते," वेदिका म्हणाली. "दोन्ही चित्रांत."

चैताली मात्र सायलीशी बोलली नाही. तिच्याजवळून जाताना क्षणभर थांबली, काहीतरी म्हणणार असं वाटलं, आणि मग बुटांची पिशवी उचलून मैदानाकडे चालू लागली. तिला संध्याकाळचा सराव होता. पाटीवर तिच्या शेजारी कुणी बसलं की नाही, ते बघायला मंगलाबाई थांबल्या नाहीत.

बाप-लेक त्याच गाडीवरून चांदवडला गेले.  वडनेरच्या पुढे कुठेतरी सायलीनं वडिलांच्या पाठीवर डोकं टेकलं, आणि वाल्मीकरावांनी गाडीचा वेग कमी केला.

दुसऱ्या दिवशी ते सवयीनं उजाडायच्या आधी उठले. सायलीच्या अंथरुणापाशी आले, तिला हलवायला वाकले. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, तोंड किंचित उघडं, एक हात जमिनीवर पडलेला. इतकी गाढ झोपलेली त्यांनी तिला लहानपणानंतर पाहिली नव्हती. ते काही वेळ तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी तिचा हात उचलून अंथरुणावर ठेवला, बाहेरचं दार आवाज न करता लोटून घेतलं आणि ओट्यावर जाऊन बसले. ऊन अंगणात येईपर्यंत घरात कुणाला मोठ्यानं बोलू दिलं नाही.